ग्रीन कार्डाची रांग आणि मालकाची सोय

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाविषयी पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून विचारपूस झाली, की ‘ग्रीन कार्डाचा अर्ज झाला आहे’ असे समाधानाने सांगितले जाते. हा अर्ज बहुधा मुलाने केलेलाच नसतो, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याचा परवाना मिळण्याच्या नेहमीच्या मार्गात तीन पायऱ्या आहेत. प्रचलित दराने वेतन देऊ करूनही त्या जागेसाठी लायक व तयार असा अमेरिकन कामगार मिळाला नाही, हे प्रथम मालकाने तेथील श्रम खात्याला पटवून द्यावयाचे. त्याकरिता ज्या खुर्चीवर माणूस आधीच बसलेला आहे, तिच्यासाठी दोन रविवारी वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते! त्यानंतर ठरलेले वेतन देण्याची आपली ऐपत आहे, असे दाखवून मालकानेच स्थलांतर खात्याकडे विनंतीअर्ज करावयाचा. तिसरा अर्ज तेवढा कामगाराचा, आणि तोही रांगेत त्याची पाळी आल्यावरच.

रांगेचे मूळ १९९० च्या कायद्यात आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार परवाने, त्यांत बायकामुलांचीही गणना, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे ७ टक्क्यांपर्यंतच वाटा, अशी ती व्यवस्था आहे. इतरांनी न वापरलेले परवाने पुढे सरकतात हे खरे. तरीही भारत आणि आइसलँड यांना एकाच मापाने मोजल्याचा परिणाम टळत नाही. गणना नागरिकत्वाने नव्हे, जन्मस्थानाने होते. पुण्यात जन्मलेला माणूस पुढे कॅनडाचा नागरिक झाला, तरी तो भारताच्याच रांगेत राहतो. निवड गुणांवर आणि पाळी जन्मगावावर, असा हा अजब संसार आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न विलंबाचा नसून त्या विलंबाची किंमत कोण मोजतो, हा आहे. सहा वर्षांची मुदत असलेला एच-१ बी परवाना रांगेतल्यांना पुढे वाढवून देण्याची सोय २००० च्या कायद्याने केली. हेतू दयाळू होता. परंतु त्यामुळे तात्पुरती नोकरी दीर्घकाळची झाली. कामाचे स्वरूप फार बदलल्यास पहिल्या दोन पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात, म्हणून बढती घेतानाही माणूस कचरतो. नोकरी सुटलीच, तर दुसरी शोधण्यास सामान्यतः ६० दिवसच मिळतात. अशा कामगाराला वेतनवाढ हक्काने मागता येत नाही, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या अमेरिकनाचे वेतनही त्यामुळे दबते. ज्याच्या संरक्षणासाठी जाहिरातींचा खटाटोप केला, त्याच्याच पदरी हे फळ येते.

कामगाराच्या स्वतःच्या मालकीचे म्हणावे असे यात एकच असते : रांगेतील अग्रक्रमाची तारीख. मालकाची विनंती मंजूर झाल्यावर ती तारीख बहुधा नव्या नोकरीतही टिकते. २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, मंजुरीला १८० दिवस उलटल्यावर मालकाने केवळ माघार घेतल्यामुळे ती मंजुरी रद्द होत नाही. म्हणून नोकरी स्वीकारतानाच ‘अर्ज केव्हा सुरू करणार’ हे लेखी ठरवून घेणे, हे पगाराच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. पहिल्या पायरीचा वकिली व जाहिरातींचा खर्चही २००७ च्या नियमाने मालकावरच आहे. तो कामगाराकडून वसूल करता येत नाही.

देशवार मर्यादा काढण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. सेनेटने डिसेंबर २०२० मध्ये वेगळा मसुदा संमत केला. कायदा मात्र झाला नाही. एकूण संख्या न वाढविता मर्यादा काढल्यास रांग इतर देशांच्या लोकांच्या वाट्याला येईल, हा आक्षेप निराधार नाही. मात्र संख्येला हात न लावताही एक सुधारणा करता येईल. मालकाची विनंती मंजूर झालेल्यास पाळीची वाट न पाहता तिसरा अर्ज दाखल करू द्यावा. तो १८० दिवस प्रलंबित राहिला, की त्याच प्रकारच्या कामावर दुसऱ्या मालकाकडे जाण्याची मुभा आजही कायद्यात आहे. परवाना उशिराच मिळेल. मधल्या वर्षांत मालक तरी बदलता येईल.