छर्ऱ्याची बंदूक घेताना रूपाला भुलू नका

पर्यटकांचा हंगाम आला की अलिबाग, काशीद, मुरूडच्या पुळणीवर फुग्यांचे फळे उभे राहतात. एक फळी, दोन छर्ऱ्याच्या बंदुका आणि फुग्यांची पिशवी, एवढ्या भांडवलावर चार महिने घर चालविणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. हल्ली या धंद्यात एक नवी मागणी शिरली आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर चित्र दाखवून विचारते, “अशी बंदूक नाही का?” चित्रातील बंदूक काळीकुट्ट, प्लॅस्टिकच्या दस्त्याची, वर दुर्बिणीची पट्टी आणि खाली लांब मॅगझिन असलेली, म्हणजे थेट लष्करी रायफलीसारखी असते. फळेवाल्यांना वाटते, अशी एक ठेवली तर गर्दी वाढेल. हौशी तरुणांनाही तीच हवी असते. म्हणून या खरेदीबद्दल आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडत आहोत.

ही चित्रे बहुधा अमेरिकेतील .२२ रिमफायर रायफलींची असतात. रिमफायर म्हणजे ज्या काडतुसाच्या बुडाच्या कडेतच ठिणगीची दारू भरलेली असते ते. काडतूस लहान व स्वस्त, धक्का नाममात्र, म्हणून तिकडे निशाणेबाजीच्या हौसेसाठी ते फार खपते. तेथील स्वस्त रायफलींची तुलना केली तर एक गंमत दिसते. रूगर कंपनीची १०/२२ ही रायफल १९६४ पासून विकली जाते. तिचा मूळ घाट साधा, लाकडी दस्त्याचा. मॉसबर्ग कंपनीची ७१५टी दिसायला अगदी लष्करी, पण आत यंत्र त्याच कंपनीच्या साध्या ७०२ रायफलीचे, वर नुसते प्लॅस्टिकचे कवच. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ मात्र २००९ मध्ये .२२ काडतुसासाठीच नव्याने घडविलेली. म्हणजे एकीकडे कवच विकत घ्यायचे, दुसरीकडे यंत्र. ज्याला निशाणा साधायचा आहे त्याने नळी, चाप आणि दृष्टिपट्टी पाहावी. कवचाने गोळी सरळ जात नाही.

आता आपल्याकडची स्थिती. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे .२२ रायफलीला परवाना लागतो. अर्धस्वयंचलित रायफल तर सर्वसाधारण परवान्यावर बाजारातून मिळत नाही, आणि परदेशी बंदुकांची आयात सामान्य नागरिकाला १९८० च्या दशकापासून बंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या भावाला किंवा मामाला “एक घेऊन या” असे सांगण्याचा मोह कोणाला झाला तर त्याने तो वेळीच आवरावा. विमानतळावर अडकेल तो आणणारा, मागविणारा नव्हे.

परवान्याविना मिळते ती छर्ऱ्याची बंदूक. पण तिलाही माप आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी .१७७ इंचापेक्षा, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नको आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर नको. .२२ काडतुसाची ऊर्जा साधारण १४० ते १८० ज्यूल असते आणि तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत धोकादायक ठरू शकते. या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात घेतले म्हणजे एकीला परवाना का आणि दुसरीला सूट का, हे निराळे सांगावे लागत नाही.

छर्ऱ्याच्या बंदुकीतही दोन प्रमुख जाती आहेत. एक स्प्रिंगची, नळी मोडून भरायची. दुसरी आधी दाबून भरलेल्या हवेच्या टाकीची. टाकीवाली अधिक अचूक व धक्क्याविना चालणारी, पण तिला पंप किंवा हवेचे सिलिंडर लागते आणि दुरुस्ती खर्चिक. फळ्यासाठी आमच्या मते स्प्रिंगचीच बरी. वॉशर बदलला, तेल दिले की ती पुन्हा उभी राहते. प्लॅस्टिकच्या दस्त्याचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे. खाऱ्या हवेत लाकूड फुगते, प्लॅस्टिकला काही होत नाही. पण प्लॅस्टिकचा दस्ता साध्या घाटाच्या बंदुकीलाही मिळतो, त्यासाठी लष्करी सोंग घ्यावे लागत नाही. पट्ट्या, खोटे मॅगझिन आणि खाचाखोचा यांत मीठ साचते, गंज धरतो, शिवाय किंमत वाढते. देशी मालातही आता चांगली निवड आहे. ठाणे जिल्ह्यातील प्रेसिहोल कंपनी मुळात खोल भोके पाडण्याची यंत्रे बनविणारी. त्याच कसबावर ती बंदुकीच्या नळ्यांकडे वळली. आपल्या लेथवाल्या कारागिरांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे.

कारागिरांना आणखी एक विनंती. “स्प्रिंग जोरदार बसवून द्या” किंवा “नळी मोठी करून द्या” असे गिऱ्हाईक आले तर त्याला सरळ परत पाठवावे. त्या एका कामाने २० ज्यूलची किंवा .१७७ ची मर्यादा ओलांडली की खेळण्याची वस्तू विनापरवाना शस्त्र ठरते. दोनशे-पाचशे रुपयांच्या मजुरीसाठी कारखान्याला टाळे लागणे हा कुठला हिशेब?

आता मुद्द्याची गोष्ट. हा किनारा इतर किनाऱ्यांसारखा नाही. १९९३ साली शेखाडीला स्फोटके उतरली. तेव्हापासून या पट्ट्यावर पोलिसांची नजर राहिली आहे, आणि त्या नजरेचा ताप निरपराध मच्छीमार व दुकानदार यांनीही सोसला आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. बोट ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, ओमानकडे संकटात सापडून वाहत आलेली, घातपाताचा संबंध नाही, असा खुलासा सरकारने केला. पण तो होईपर्यंत साऱ्या जिल्ह्यात नाकाबंदी झाली. अशा ठिकाणी आपला एखादा मुलगा मोटारसायकलवर लष्करी रूपाची काळी बंदूक टाकून निघाला तर दुरून पाहणाऱ्याला ती छर्ऱ्याची आहे हे कसे कळावे? कायद्याने तो निर्दोष असेल, तरी चौकशीत एक दिवस आणि गावात अब्रू जाईल. आम्ही हे भीतीपोटी सांगत नाही. ज्या वस्तूच्या रूपाला दाम मोजायचे आणि त्याच रूपापायी त्रास सोसायचा, ती खरेदी तोट्याची, एवढाच व्यापारी हिशेब आहे.

ज्यांना खरोखर नेमबाजी शिकायची आहे त्यांना वाट मोकळी आहे. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. दहा मीटर स्पर्धेची रायफल फळ्यावरच्या बंदुकीइतक्याच, .१७७ मापाची असते. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते ५० मीटरच्या .२२ रायफल प्रकारात. .२२ ची हौस असणाऱ्याने रेंजवर शिकावे, मग रीतसर परवान्याचा अर्ज करावा.

फळेवाल्यांनी इतके सांभाळावे: साध्या घाटाची .१७७ स्प्रिंग बंदूक, पक्की पावती आणि तिची झेरॉक्स फळ्यावर. फळीमागे जाड गोणपाट किंवा वाळूची पोती, म्हणजे छर्रा परत उडणार नाही. समुद्राकडे किंवा वाटेकडे तोंड करून फळा लावू नये. बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती भरलेली ठेवून पाठ फिरवू नये. संध्याकाळी नळीतून तेलाचा बोळा फिरवून ती कोरड्या कापडात गुंडाळावी. फणसाडच्या जंगलाकडे तर ती नेऊच नये. ते १९८६ पासून अभयारण्य आहे आणि पाखरे मारणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पुढच्या हंगामाची खरेदी आता सुरू होईल. दुकानात बंदूक हातात घ्याल तेव्हा आधी नळी पाहा, मग चाप दाबून पाहा, आणि मगच किंमत विचारा.