ट्रान्सफॉर्मरवाल्याची लढाई

परग्रहावरची फौज पृथ्वीवर उतरली तर लढणार कोण, हा प्रश्न हॉलिवूडनं कधीच निकालात काढलाय. १९९६च्या ‘इंडिपेंडन्स डे’मध्ये तर खुद्द अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षच लढाऊ विमानात बसून निघतो. बाकी जगानं टाळ्या वाजवायच्या. आमच्यासारख्यांना त्या सिनेमांत एकच काम असतं. इमारती कोसळायला लागल्या की रस्त्यावरून ओरडत पळायचं आणि दुसऱ्या मिनिटाला मरायचं.

त्यामुळे पुतण्यानं नेटफ्लिक्सवर ‘एल एतेर्नाउता’ लावली तेव्हा मी जीएसटीचे कागद पुढ्यात घेऊनच बसलो होतो. अर्जेंटिनाची मालिका, २०२५च्या एप्रिलअखेरीस आलेली. ब्यूनोस आयर्समध्ये बर्फ पडायला लागतं आणि ते अंगाला लागेल तो माणूस जागेवर मरतो. चार मित्र पत्ते खेळत घरात बसलेले असतात म्हणून वाचतात. मालिका बरी वाटली म्हणून पुतण्यानंच मूळ चित्रकथेचं इंग्रजी पुस्तक मागवून दिलं. आडवं, जाडजूड, साडेतीनशेच्या वर पानांचं. पहिल्याच काही पानांत कळलं की कथेचा नायक हुआन साल्वो याचा धंदा ट्रान्सफॉर्मर बनवण्याचा. छोटा कारखाना आहे म्हणे. कागद बाजूला ठेवले.

मी पलूसला वाइंडिंगचं काम करतो. मोटारी, स्टॅबिलायझर, वेल्डिंगचे ट्रान्सफॉर्मर. बॉबिनवर तार चढवताना वेढे मोजायचे, मधे कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, शेवटी स्टॅम्पिंग ठोकून भरायचं आणि वार्निश सुकेपर्यंत गिऱ्हाइकाची बोलणी खायची. असल्या माणसाला कुणी कथेत घेत नाही. घेतलंच तर विनोदापुरतं. इथे एका लेखकानं १९५७ साली पृथ्वीचं भवितव्य असल्या माणसाच्या हातात दिलं होतं.

त्या घरातले बाकीचेही तसेच. फावाली भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. लुकास बँकेत नोकरीला. पोल्स्की निवृत्त झालेला, हौस म्हणून व्हायोलिन बनवणारा. साल्वोच्या घराच्या माळ्यावर यांनी हौशी कारागिरीचा अड्डाच मांडलाय. बर्फ पडायला लागल्यावर पोल्स्कीला धीर धरवत नाही. बायकोपोरांकडे जायचं म्हणून तो बाहेर धावतो आणि चार पावलांवर पडतो. उरलेले खिडक्यांच्या फटी बुजवतात. मग बाहेर जाण्यासाठी सूट तयार होतो. पाणी न झिरपणारं कापड, पाणबुड्यांचा मुखवटा, श्वासासाठी गाळणी. कापड शिवायला साल्वोची बायको एलेना बसते. एकही टाका सैल राहिला तर माणूस गेला. लेखक या कामाला पानंच्या पानं देतो. मला ती पानं पुढच्या सगळ्या लढायांपेक्षा जास्त आवडली. सूट घालून साल्वो पहिल्यांदा जातो कुठे, तर हार्डवेअरच्या दुकानात! तिथल्या तळघरात अडकलेला एक पोरगा त्याला सापडतो आणि घरच्या माणसांत एकाची भर पडते.

हे सगळं एवढ्या विस्तारानं सांगतोय, कारण भूमिगत लढ्याबद्दल आपल्याकडे, विशेषतः मोबाइलवर मालिका बघणाऱ्या पोरांत, एक खुळी कल्पना बसलीय. लढा म्हणजे बंदूक, स्फोट आणि काळं जाकीट घातलेला एक देखणा माणूस. ‘आपण असतो ना काका, तर...’ असं पुतण्याही म्हणाला. तू असतास तर काय केलं असतंस? तुला साधा फ्यूज बांधता येत नाही.

माझं आजोळ कुंडलचं. प्रतिसरकारचं गाव. १९४३ ते ४६ या काळात नाना पाटलांच्या माणसांनी सातारा जिल्ह्यात इंग्रजाच्या नाकावर टिच्चून समांतर कारभार चालवला. तेव्हा आमचा भाग साताऱ्यातच होता. प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली, ते आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. पण आजी सांगायची त्या गोष्टींत गाडी एकदाच यायची आणि भाकरी रोज. रात्री माणसं जेवायला येणार असतील तर अवेळी चुलीचा धूर दिसता कामा नये, म्हणून भाकऱ्या दुपारीच थापून ठेवायच्या. कुणाच्या वाड्यातलं कुत्रं ओळखीच्या माणसावरही भुंकतं, ते ध्यानात ठेवायचं. प्रतिसरकारची न्यायदान मंडळं बांधाची भांडणं मिटवायची, सावकाराला जाब विचारायची. राज्य उलथवायला निघालेल्यांचा निम्मा वेळ बांध आणि कर्ज यांत जायचा, आणि म्हणूनच लोक त्यांना दार उघडायचे. ‘एल एतेर्नाउता’ लिहिणाऱ्या माणसाला हे कुंडलला न येता कळलं होतं.

त्याचं नाव एक्तोर खेर्मान ओएस्तेर्हेल्ड. भूगर्भशास्त्र शिकलेला आणि मुलांसाठी लिहिणारा. चित्रं फ्रान्सिस्को सोलानो लोपेसची. ४ सप्टेंबर १९५७पासून ही कथा ‘ओरा सेरो’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि १९५९पर्यंत चालली. प्रकाशनसंस्थाही ओएस्तेर्हेल्डची स्वतःचीच. ४ सप्टेंबर हा आज अर्जेंटिनात चित्रकथेचा दिवस मानला जातो. त्यानंच पुढे लिहून ठेवलंय की या कथेचा खरा नायक एकटा साल्वो नसून माणसांचा अख्खा गट आहे. खरंच, पुढे सैन्याच्या उरल्यासुरल्या तुकडीत ही मंडळी सामील होतात, तेव्हा सर्वांत कामाचा ठरतो तो फ्रांको नावाचा लेथवाला. आमच्या एमआयडीसीत असे फ्रांको गल्लीला दोन सापडतील. त्यांच्यावर मालिका निघणार नाही, एवढंच.

आणि शत्रू? शत्रू शेवटपर्यंत दिसतच नाही. कथेत त्यांना नुसतं ‘ते’ म्हणतात. लढायला पुढे येतात ते भुंग्यांसारखे प्रचंड किडे, मानेत यंत्र बसवून ताब्यात घेतलेली माणसं, आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारे ‘हात’. या ‘हातां’च्या बोटांना अंत नाही, बुद्धी अफाट, पण तेही गुलामच. त्यांचा ग्रह ‘त्यां’नी आधीच गिळलेला. ‘हातां’च्या शरीरात एक ग्रंथी बसवलीय. भीती वाटली की तिच्यातलं विष भिनून ‘हात’ मरतो. म्हणजे मालकाविरुद्ध उठायची भीती वाटली तरी मरण, आणि पकडले गेल्याची भीती वाटली तरी मरण. गुलामाला गुलाम ठेवायला पहारेकरी लागत नाही, पहारेकरी त्याच्या आतच बसवून दिलेला. पकडलेला ‘हात’ मरताना आपल्या ग्रहाबद्दल बोलत राहतो आणि साल्वोसह सगळ्यांना त्याचा राग धरता येत नाही. परग्रहवासीयांच्या इतक्या कथा झाल्या, पण हाताखालच्या माणसाची ही अवस्था इतकी नेमकी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आपल्या आसपास अशी ग्रंथी बसवलेली माणसं कोणकोणत्या ऑफिसांत आहेत, याची यादी वाचकानं आपापली करावी.

रेडिओचं प्रकरणही तसंच. कथेच्या शेवटाकडे रेडिओवर जाहीर होतं की अमुक भाग बर्फापासून सुरक्षित आहेत, वाचलेल्यांनी तिकडे यावं. तो सापळा असतो. थकलेली, भुकेलेली माणसं आपल्या पायांनी चालत तिथे जातात. बंदुकीनं जे साधलं नाही ते एका आश्वासक आवाजानं साधतं.

आता खरी गोष्ट. १९७०च्या दशकात ओएस्तेर्हेल्ड स्वतः भूमिगत झाला. त्याच्या चारही मुली, एस्तेला, दियाना, बेआत्रिस, मारिना, मोंतोनेरोस या डाव्या पेरॉनवादी सशस्त्र संघटनेत गेल्या होत्या, तोही त्यांच्यामागोमाग गेला. मोंतोनेरोसबद्दल मला प्रेम नाही. माजी लष्करशहा आरांबुरूला पळवून मारण्यापासून त्यांची सुरुवात झाली आणि बंदुकीची चटक लागलेल्या संघटनेचं होतं ते त्यांचं झालं. पण २४ मार्च १९७६ला सत्ता बळकावलेल्या लष्करानं जे केलं त्याला त्या संघटनेच्या चुका हे उत्तर होऊ शकत नाही. दोन वर्षांच्या आत चारही मुली गेल्या. फक्त बेआत्रिसचं प्रेत आईला मिळालं. दियाना आणि मारिना गरोदर होत्या. २७ एप्रिल १९७७ला ओएस्तेर्हेल्डलाही उचललं आणि तो परत आला नाही. माणसं गायब करण्याच्या या कारभाराची चौकशी पुढे सरकारी आयोगानं केली. त्याच्या १९८४च्या अहवालात जवळजवळ नऊ हजार बेपत्तांची नोंद आहे आणि मानवी हक्क संघटना तीस हजारांचा आकडा सांगतात.

ओएस्तेर्हेल्डसोबत कोंडलेल्या एका कैद्याची साक्ष आहे. १९७७च्या नाताळात पहारेकऱ्यांनी कैद्यांना तोंडावरचे बुरखे काढायची, सिगारेट ओढायची आणि पाच मिनिटं एकमेकांशी बोलायची परवानगी दिली. म्हातारा ओएस्तेर्हेल्ड म्हणाला, मी इथला सगळ्यांत वडील, मला प्रत्येकाला भेटून शुभेच्छा द्यायच्यात. आणि तो एकेकाशी हात मिळवत गेला. तेव्हा त्याची प्रकृती पार ढासळलेली होती.

घरात उरली ती बायको, एल्सा सांचेस. तिला नवऱ्याचा हा मार्ग मान्य नव्हता. चार मुली, नवरा आणि जावई गमावलेली ही बाई ‘प्लाझा दे मायो’च्या आज्यांमध्ये सामील झाली आणि २०१५ साली वारली. लष्कराच्या कोठड्यांत जन्मलेली नातवंडं शोधणाऱ्या या आज्या. कैदेत बाळंत झालेल्या बायकांची मुलं लष्करी आणि ओळखीच्या घरांत वाटून टाकली गेली होती. त्यांच्या शोधासाठी अर्जेंटिनानं १९८७मध्ये जनुकीय माहितीची राष्ट्रीय पेढी उभारली आणि अशी सव्वाशेहून जास्त माणसं आजवर सापडली. एल्साची दोन नातवंडं मात्र नाहीत. ती जन्मली असतील तर आज पन्नाशीच्या आसपास आहेत. मालिका आली तेव्हा ब्यूनोस आयर्समध्ये तिच्या जाहिरातींशेजारी या नातवंडांच्या शोधाची पत्रकंही लागली. भूमिगतांना जेऊ घालणाऱ्यांच्या यादीत मी एल्सालाही धरतो, तिला ते पटलं नसतं तरी.

मालिकेवर माझा राग आहे तो इथे. रिकार्दो दारीननं साकारलेला साल्वो उत्तम. वीज-इलेक्ट्रॉनिक्स बंद पडल्यावर जुनी यंत्रंच कामाला येतात, हा धागा तर आमच्या धंद्याला मान देणारा. पण मालिकेनं साल्वोला फॉकलंडच्या युद्धात लढलेला सैनिक करून टाकलंय. कारण कळतं. अर्जेंटिनाच्या त्या पिढीची १९८२ची जखम अजून ओली आहे, आणि ती पोरं युद्धावर धाडणारं लष्कर म्हणजे ओएस्तेर्हेल्डला गायब करणारंच लष्कर. तरीही त्यामुळे साल्वो बंदूक हातात घेतो तेव्हा प्रेक्षक निवांत होतो. हां, याला येतं. मूळ पुस्तकात मला असं निवांत होता आलं नव्हतं. तिथे आपल्यासारखाच अडाणी हात बंदुकीला लागतोय असं वाटत राहतं, आणि पोटात गोळा येतो.

न्याय सरळ असावा म्हणून हेही सांगतो की ओएस्तेर्हेल्डनंही पुढे माती खाल्ली. १९७६मध्ये लपतछपत राहून त्यानं कथेचा दुसरा भाग लिहिला. त्यात साल्वो जवळजवळ अतिमानव झालाय. तो आज्ञा देतो, ध्येयासाठी आपली माणसं बळी देतो आणि त्याला विचारणारं कुणी नाही. पत्त्यांचा डाव नाही, शिलाई नाही, हार्डवेअरचं दुकान नाही. लेखक ज्या संघटनेत होता तिचा वास त्या पानांना येतो. पोटच्या पोरी एकेक करून जात असताना लिहिणाऱ्या माणसाकडून समतोलाची अपेक्षा धरणं क्रूरपणाचं होईल, पण पुस्तक म्हणून तो भाग मला आवडला नाही आणि तसं म्हणायला हरकत नसावी.

नेटफ्लिक्सनं मालिकेचा दुसरा हंगाम जाहीर केलाय. तो करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की दुसऱ्या भागातला तो हुकूमशहा साल्वो घेऊ नका. घ्यायचंच असेल तर त्याच भागातलं दुसरं पात्र घ्या. खेर्मान नावाचा चित्रकथा लिहिणारा माणूस त्यात साल्वोबरोबर फिरतो आणि त्याचे हुकूम बघून मनातून हादरत असतो. ओएस्तेर्हेल्डनं त्या पात्राला स्वतःचंच नाव दिलंय. आणि फ्रांको लेथवाल्याला जरा जास्त प्रसंग द्या, लेथ कशी चालवतात ते आधी बघून या.