ब्रासचा गुणक एकदाचा ठरवा

पावसाळा संपून कामे सुरू झाली की आमच्याकडे रॉयल्टीच्या तक्रारींची पत्रे येऊ लागतात. दर जास्त आहे, पास वेळेवर मिळत नाहीत, सर्व्हर बंद असतो, हे नेहमीचेच. यंदाच्या पत्रांचे गाऱ्हाणे वेगळे आहे. माल तेवढाच, खाण तीच, तरी आकडा जुळत नाही. परवाना ब्रासमध्ये, खाणीची ईटीएस मोजणी घनमीटरमध्ये, गाडीचा हौदा फुटांत, काट्याची पावती टनांत आणि मोजमाप पुस्तिका पुन्हा घनमीटरमध्ये. प्रत्येक टप्प्यावर बसलेला माणूस आपल्या सवयीचा गुणक लावतो आणि शेवटी जो फरक उरतो, तो कंत्राटदाराच्या किंवा क्रशरवाल्याच्या नावावर ‘अनधिकृत उत्खनन’ म्हणून चढतो.

एका वाचकाने पाठवलेली नोटीस आमच्यासमोर आहे. तिच्या पहिल्या पानावर घनमीटरचे ब्रास करताना २.८३ ने भागले आहे, सोबतच्या तक्त्यात २.८ ने आणि शेवटच्या गोषवाऱ्यात सरळ ३ ने. एकाच सहीची, एकाच तारखेची नोटीस आणि भाजक तीन. तालुक्याचे नाव आम्ही देत नाही, कारण दोष एका तालुक्याचा नाही. अशीच कागदपत्रे आमच्याकडे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आली आहेत.

या गुणकाबद्दल मतभेदाला मुळात जागाच नाही. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारात यार्ड ०.९१४४ मीटर ठरला, म्हणजे फूट नेमका ०.३०४८ मीटर. ‘सुमारे’ नव्हे, नेमका. त्याचा घन केला की एक घनफूट ०.०२८३१६८४६५९२ घनमीटर होतो आणि शंभर घनफुटांचा ब्रास २.८३१६८४६५९२ घनमीटर. कामाला चार दशांश स्थळे पुरेत: २.८३१७. अमेरिकेत स्लॅबची मापे फुटांत घेतात आणि काँक्रीट घनयार्डात विकले जाते. तिथे घनफुटांना २७ ने भागतात. तो २७ कोणी सोयीसाठी २५ किंवा ३० करत नाही, कारण तो पूर्णांक आहे आणि डोळ्यांना दिसतो. आपला आकडा तितकाच पक्का आहे, फक्त त्याची शेपटी लांब आहे. ती जो तो हवी तिथे कापतो.

कापल्याने काय होते ते पाहा. खाणीतून १०,००० घनमीटर मुरूम निघाला. खरे ब्रास होतात ३,५३१. तेच २.८ ने भागले तर ३,५७१. म्हणजे ४० ब्रास मुरूम कुठल्याही डोंगरातून न निघता, कुठल्याही डंपरमध्ये न भरता, निव्वळ कॅल्क्युलेटरवर तयार झाला. ब्रासला ६०० रुपयांच्या दराने त्याची रॉयल्टी जवळजवळ २४,००० रुपये. पण गोष्ट २४,००० वर थांबत नाही. तुमचा परवाना ३,५३१ ब्रासचा असेल, तर हे ४० ब्रास विनापरवाना ठरतात आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची भाषा सुरू होते. जो माल अस्तित्वातच नाही, त्याचा पाचपट दंड. हा दंड भरून आलेल्या लोकांची पत्रे आमच्याकडे आहेत. ‘वाद घालत बसलो असतो तर बिल अडकले असते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाने लिहिले आहे.

आणि ३ ने भागणारा अधिकारी आपला हितचिंतक आहे असेही समजू नका. त्याच्या हिशेबात रॉयल्टी कमी निघते, तुम्ही खूश होऊन घरी जाता, आणि पुढे लेखापरीक्षणाचा आक्षेप आला की फरकाची वसुली तुमच्याकडूनच होते, तीही काम संपून अनामत परत मिळायच्या वेळेला.

२०२१ पर्यंत रॉयल्टीचा दर ब्रासला ४०० होता, तो ६०० झाला. २०२५ च्या धोरणात पात्र कृत्रिम वाळू प्रकल्पांसाठी तो २०० वर आणला. घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रास वाळू मोफत देण्याची तरतूद झाली. या तिन्ही निर्णयांत मोजायचे एकक ब्रासच आहे. दुसरीकडे १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यापासून या देशाने मेट्रिक पद्धत घेतली आणि आज लागू असलेल्या २००९ च्या वैधमापन कायद्याचे कलम ११ प्रमाणित एककांखेरीज दुसऱ्या एककात भाव सांगायला, बिल करायला मनाई करते. किराणा दुकानदाराने शेराच्या भावाची पाटी लावली तर वैधमापन निरीक्षक दारात उभा राहतो. राज्याचे गौण खनिजाचे सारे परवाने मात्र अप्रमाणित एककात निघतात. आम्ही ब्रासच्या विरोधात नाही. गवंड्यापासून गाडीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो आहे आणि साइटवर तो राहणारच. पण ज्या कागदावरून दंड होतो, गाडी जप्त होते, त्या कागदावर घनमीटरच हवा आणि कंसात ब्रास. आणि जोवर तसे होत नाही, तोवर परवान्याच्या प्रत्येक पानावर एक ओळ छापा: १ ब्रास = २.८३१७ घनमीटर. एका ओळीला कितीशी शाई लागते?

गुणक ठरला तरी खरे दुखणे उरतेच. ते म्हणजे घनमीटर कोणत्या अवस्थेतला. आमच्या मते आज सर्वांत जास्त अन्याय इथे होतो, आणि महसूल खात्यातले अधिकारी या मुद्द्यावर बोलायलाच तयार नसतात.

डोंगरात जागच्या जागी असलेला मुरूम, पोकलेनने खणून डंपरमध्ये भरलेला मुरूम आणि भरावात रोलरखाली बसलेला मुरूम, माल एकच, आकारमाने तीन. समजा ईटीएसने खाणीत खड्डा मोजला: १,००० घनमीटर. खणल्यावर २५ टक्के फुगला असे धरू, म्हणजे गाड्यांत १,२५० घनमीटर. रोलिंग होऊन भरावात लेव्हल घेतल्या, तेव्हा ९०० घनमीटर. ब्रासमध्ये हे झाले ३५३, ४४१ आणि ३१८. रॉयल्टी अनुक्रमे २,११,८८८ रुपये, २,६४,८६० रुपये आणि १,९०,६९९ रुपये. प्रमाण मुरमाच्या जातीप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे बदलेल, पण चित्र हेच राहील. आता काय होते पाहा. वाहतूक पास गाडीच्या हौद्यावरून निघतात, म्हणजे सुट्या मालाचे. बांधकाम खात्याचे बिल निघते दबलेल्या मालाचे. आणि तहसील कार्यालय खाणीत खड्डा मोजते, म्हणजे जागच्या मालाचे. या तिन्ही आकड्यांत फरक असणे हा निसर्गनियम आहे. तरीही नोटिशीत लिहिलेले असते की ‘पासवरील परिमाण व प्रत्यक्ष मोजणी यांत तफावत आढळून आली, सबब…’. पासांचा आकडा जास्त निघाला की बिलात रॉयल्टीची वजावट त्यावरून धरली जाते, आणि पास कमी पडले की उरलेल्या मालाला विनापरवाना म्हणतात. दोन्ही बाजूंनी सुरी आपल्यावरच चालते.

भारतीय मानक ब्युरोचे मोजमापाचे मानक, आयएस १२००, मातीकाम जागच्या जागी मोजायला सांगते आणि ढिगावरून मोजायचेच झाले तर पोकळीची वजावट करायला सांगते. बांधकाम खात्याचा शाखा अभियंता हे रोज करतो. त्याच तालुक्यातला मंडळ अधिकारी मात्र ढीग मोजतो तेव्हा ढिगाचा शंकू, त्याचा उतार, पोकळी यांतले काहीच पाहत नाही. लांबी गुणिले रुंदी गुणिले सर्वांत उंच टोकाची उंची, झाले ब्रास. शंकूच्या आकारमानात एक-तृतीयांश घ्यायचा असतो, हे शाळेत शिकलेले आहे. टेप धरायला कोतवाल, लिहून घ्यायला ग्राम महसूल अधिकारी, पंच म्हणून रस्त्यावरून जाणारे दोघे, आणि सही करायला आपला सुपरवायझर. तो बिचारा पंचनामा न वाचताच सही करतो.

हौद्याच्या मापातही हीच हेळसांड. साडेचार फूट उंची कागदावर ४.६ लिहिली जाते, कारण टेपवर चार फूट सहा इंच दिसतात. १४ फूट लांब, साडेसात फूट रुंद हौद्याला ४.५ घेतले तर ४७२.५ घनफूट आणि ४.६ घेतले तर ४८३. एका खेपेला साडेदहा घनफूट वाढले. शंभर खेपांत साडेदहा ब्रास. इतकी साधी चूक वर्षानुवर्षे चालते, कारण ती पकडणे कोणाचेच काम नाही.

वजनाचा हिशेब करणाऱ्यांनी आणखी घोळ घातला आहे. काट्यावर टन मिळतात आणि टनाचे ब्रास करायला सगळ्या मालाला एकच आकडा लावतात. वाळूची सुटी घनता घनमीटरला १.५ टन असेल तर ब्रासचे वजन ४.२५ टन होते, १.६ असेल तर ४.५३ टन. ४० मिलीची खडी वेगळी, क्रशर डस्ट वेगळी, ओला मुरूम त्याहून वेगळा. आयएस २३८६ च्या तिसऱ्या भागात सुटी घनता काढायची चाचणी दिलेली आहे. एक सिलिंडर, एक काटा, अर्धा तास. कोणत्याही जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ती होते. मग अंदाजाने दंड का?

आता थोडे आपल्याच लोकांविषयी, कारण सगळे खापर तहसीलवर फोडून चालणार नाही. आपल्यापैकी किती जण आजही ‘गाडी’च्या भावाने माल घेतात? चार ब्रासची म्हणून आलेली गाडी कोणी टेप लावून पाहिली आहे? पाहिली तर साडेतीन-पावणेचार निघते, हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावर सर्वांचे मौन आहे. ओलसर वाळू फुगते. चार-पाच टक्के ओलाव्याला बारीक वाळूचे आकारमान पाव हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते, तरी पावसात भिजलेली वाळू आपण ब्रासच्या मापाने घेतो आणि मिक्सरवर घमेल्याने मोजतो. आयएस ४५६ वजनाने मिश्रण करायला सांगते आणि आकारमानाने केलेच तर फुगवट्याची दुरुस्ती करायला सांगते. ते मानक आपल्या प्रत्येक करारनाम्यात जोडलेले असते. दर काढतानाही हाच ढिसाळपणा: ब्रासचा दर घनमीटरला आणताना भागायचे असते आणि ब्रासचे परिमाण घनमीटरला आणताना गुणायचे असते. ब्रासला ६०० रुपये म्हणजे घनमीटरला २११.८९. निविदेच्या दरविश्लेषणात हे उलटे केलेले आम्ही पाहिले आहे, तेही अभियंता म्हणवणाऱ्यांच्या सहीने. प्लास्टर आणि सेंटरिंगचा ब्रास शंभर चौरस फुटांचा, म्हणजे ९.२९ चौरस मीटरचा, त्याला २.८३ लावणारेही आहेत. स्वतःचे कागद असे असतील, तर तहसीलदारासमोर कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

पाटबंधारे खात्याचे उदाहरण या कामी लक्षात ठेवण्यासारखे आहे. धरणांचे पाणी आपल्याकडे आजही टीएमसीत सांगतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच बरोबर एक कोटी ब्रास. कोयनेचे १०५.२५ टीएमसी खात्याच्या कागदावर २,९८० दशलक्ष घनमीटर असतात, आणि दोन राज्यांच्या पाणीवाटपाचे भांडण असले तरी या रूपांतरावर कोणी भांडत नाही, कारण गुणक ठरलेला आहे: २८.३१७. आकडे तेच, फक्त दशांशचिन्ह सरकलेले. एका खात्याला जे जमते ते दुसऱ्याला का जमू नये?

महसूल विभागाकडे आमची मागणी आहे ती अशी. एक परिपत्रक काढावे. त्यात गुणक २.८३१७ ठरवावा. प्रत्येक परवान्यावर, पासवर आणि पंचनाम्यावर परिमाण जागचे, सुटे की दबलेले हे लिहिणे सक्तीचे करावे. महाखनिज प्रणालीत घनमीटर टाकला की ब्रास आपोआप निघावा, हाताने टाकायची सोयच ठेवू नये. मोजणीतली चूक आणि चोरी यांच्यात फरक करणारी सूट टक्केवारीत जाहीर करावी. यातल्या कशालाही विधिमंडळात जायला लागत नाही.

परिपत्रक निघेपर्यंत हात बांधून बसू नका. आजपासून आपल्या प्रत्येक डंपरचा हौदा आतून फूट-इंचात नव्हे, सेंटिमीटरमध्ये मोजा, लांबी-रुंदी-उंची गाडीच्या कागदांसोबत ठेवा आणि दाराच्या आतल्या बाजूला रंगवून घ्या. खाण सुरू करण्यापूर्वीच्या लेव्हल स्वतःच्या खर्चाने घ्या. ईटीएसवाल्याचे भाडे दंडापेक्षा फार कमी पडते. मालाची सुटी घनता तपासून तो दाखला फाइलला लावा. पंचनाम्यावर मापे न लिहिता नुसते ब्रास लिहिले असतील तर सही करू नका, सुपरवायझरला तसे लेखी सांगून ठेवा. सही करावीच लागली तर ‘मापे नमूद नाहीत, परिमाण मान्य नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून मग करा. तहसीलदाराच्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. मुदत जाऊ देऊ नका.

आणि ज्यांना गेल्या वर्षभरात अशा नोटिसा आल्या आहेत, त्यांनी नोटीस, पंचनामा, पासांची यादी आणि मोजमाप पुस्तिकेच्या पानांची प्रत या महिन्याच्या अखेरपर्यंत आमच्याकडे पाठवावी. नाव छापले जाणार नाही. एकेकटे गेलात तर तुम्हाला खिडकीवरूनच परत पाठवतील. सगळ्यांच्या आकड्यांचा एकच तक्ता करून तो विभागाच्या सचिवांपुढे ठेवायचा आहे. पाकिटावर ‘गुणक’ एवढेच लिहा.