वडी किसून बचत होत नाही

सदर : घरखर्च

साबणाची वडी किसायची, त्यात वाटीभर धुण्याचा सोडा कालवायचा, बरणी भरायची आणि विकतच्या पावडरीला रामराम ठोकायचा, हा सल्ला हल्ली जो तो देतो. वाणसामानाची यादी दर महिन्याला लांबत असताना तो पटतोही. पण वही घेऊन हिशेबाला बसलं की या बचतीचा फेस लगेच ओसरतो.

आधी मालाचं बघू. वडी हा कच्चा माल नव्हे. तेल, कॉस्टिक, मजुरी, वेष्टन आणि दुकानदाराचा नफा हे सगळं तिच्या किमतीत आपण किरकोळ भावानं मोजलेलं असतं. ती आणून किसणं म्हणजे विकतच्या पुरणपोळीतलं पुरण काढून पुन्हा पोळी लाटणं. इथे कोणी हमखास निरमाचा दाखला देतं. करसनभाई पटेल या सरकारी नोकरानं १९६९ साली अहमदाबादेत घरीच पावडर बनवली, सायकलवरून दारोदार विकली आणि तिपटीहून महाग असलेल्या सर्फला घाम फोडला, हे खरंच आहे. पण पटेल वड्या किसत नव्हते. ते मूळ रसायनांपासून पावडर करत होते आणि तीही विकण्यासाठी, ढिगानं. आज एखादा बचत गट अ‍ॅसिड स्लरी आणि सोडा घाऊक भावानं आणून पन्नास-शंभर किलो माल काढतो, तेव्हा त्याला दोन पैसे सुटतात ते याच कारणानं. एका घरापुरतं हे करू नये. स्लरी कातडी जाळते, सोड्याशी गाठ पडली की तापते आणि फसफसते. हातमोजे आणि मोकळी जागा नसेल तर तिच्या वाटेला जाऊच नये.

दुसरा प्रश्न पाण्याचा. किसलेली वडी शेवटी साबणच राहते. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जुळतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो कपड्यांत बसतो, मशीनच्या ड्रमला धरतो. काही महिन्यांत पांढरे शर्ट करडे दिसू लागतात, टॉवेल पाणी टिपेनासा होतो. विकतच्या पावडरीतला कृत्रिम डिटर्जंट जड पाण्यात असा साका धरत नाही. पावडरीचे वाचलेले पैसे मग नव्या टॉवेलात जातात.

मग काटकसर करायचीच नाही का? जरूर करायची, पण मापात. ऐंशीच्या दशकातल्या जाहिरातीतली ललिताजी आठवा. अर्धा किलो सर्फ एक किलो साध्या पावडरीची बरोबरी करतो, असं ती ठणकावून सांगायची. कंपनीचा स्वार्थ उघडच होता, पण हिशेबाची रीत बिनचूक होती : किलोचा भाव बघू नका, एका धुण्याला किती खर्च आला ते बघा. आपण नेमकं हेच विसरतो आणि पावडर मुठीनं टाकतो. भरपूर फेस म्हणजे भरपूर स्वच्छता, ही समजूत आपल्याला सगळ्यात महाग पडते. जास्तीची पावडर मळ काढत नाही. ती खंगाळायला आणखी दोन बादल्या पाणी मात्र लागतं.

तेव्हा डब्यात चमचा ठेवा आणि आठवडाभर नेहमीपेक्षा कमी पावडर घालून बघा. कॉलर आणि बाह्यांना आधी वडी चोळा, कपडे अर्धा तास भिजू द्या. पाणी जड असेल तर सुती कपड्यांच्या बादलीत थोडा धुण्याचा सोडा घाला. तो क्षारांना आधीच खाली बसवतो, त्यामुळे कमी पावडरीत भागतं. तेलकट हातपुसणी आणि पोतेरी गरम पाण्यात नुसत्या सोड्यानंही निघतात. मात्र रेशीम, लोकर आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी सोड्यापासून लांबच ठेवा. रेशमासाठी आजीचा रिठा आहेच. त्याचं पाणी टिकत नाही, म्हणून लागेल तेवढंच उकळा.

सोड्याचं मिश्रण हातांनाही सोसत नाही. धुणं करायला येणाऱ्या बाईंच्या बोटांची सालं निघणार असतील, तर आपली बचत त्यांच्या हातांतून वसूल होते आहे.

एवढं वाचूनही कोणाला वडी किसायची असेल, तर हिशेबात एक रकाना वाढवावा : किसायला, चाळायला, भरायला आणि नंतर किसणी घासायला लागलेला वेळ. घरातल्या बाईच्या वेळेपुढे आपण बिनदिक्कत शून्य लिहितो. त्या जागी धुणं करणाऱ्या बाईंना देतो तेवढा जरी दर लिहिला, तरी घरची पावडर विकतच्या पावडरीहून महाग निघेल.