दोन पगार, एक दाखला

दोस्तहो, एक आकडा पाठ करा. 2 लाख 50 हजार. वर्षाचे.

आपल्या पोरांची मॅट्रिकोत्तर स्कॉलरशिप या आकड्याला टांगलीय. बाबासाहेबांच्या नावानं चालणारी स्वाधार योजना याच आकड्याला. 2024 साली आलेली लाडकी बहीण, तीही यालाच. बारानं भागा. महिन्याला 20 हजार 833. दोघं कमावत असतील तर माणशी साडेदहा हजारसुद्धा पडत नाहीत. म्हंजे नवरा-बायकोनं राबराबून यापेक्षा चार पैसे जास्त आणले की ते घर गरीब राहिलं नाही, असं कागद म्हणतो.

आता हिशेब करू. आम्ही गिरणीतली माणसं, सुताचा काउंट मोजतो, एवढं जमतं आम्हाला. धरा, रिंग फ्रेमवरच्या गड्याचे वर्षाला दीड लाख. बायको त्याच खात्यात सायडर, तिचे 95 हजार. बेरीज 2 लाख 45 हजार. पोरगा पुण्यात शिकतोय. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून स्वाधारचे वर्षाला 60 हजार मिळतात, त्यात त्याची खोली आणि खानावळ भागते. बाईनं चार महिने ओव्हरटाइम मारला. सहा हजार जादा आले. बेरीज 2 लाख 51 हजार. खल्लास. मर्यादेवर हजार रुपये गेले आणि 60 हजार बुडाले. स्कॉलरशिपचा निर्वाहभत्ताही गेला. फ्रीशिप आहे की, असं कुणी सांगेल. आहे. ती कॉलेजची फी भरते. पोरानं काय फीची पावती खायची?

पायरी नाही, थेट कडा. इंग्लंडात युनिव्हर्सल क्रेडिट म्हणून योजना आहे. तिथंही जोडप्याची कमाई एकत्रच धरतात, तीही काही देवाची करणी नाही. पण तिथं कमाई वाढली तर जादा पौंडामागं 55 पेन्स मदत कमी होते. मदत हळूहळू उतरते. आपल्याकडं एका रुपयानं सगळी तुटते.

मग घरात काय होतं? नवरा म्हणतो, तू घरी बस, दाखल्यात बसत नाही. नाहीतर बाई कागदाबाहेरचं काम धरते. विडीच्या पानांवर, धुण्याभांड्यांवर. तिथं ना पगाराची स्लिप, ना पीएफ. कमाई लपवायला आधी भाग पाडायचं आणि मग बोगस लाभार्थी म्हणून बोंब ठोकायची. 2025 च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणीला ई-केवायसी आली, तेव्हा बाईच्या आधारासोबत नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधारही मागितला. पैसे तिच्या नावावर, पण लायकी मोजायची ती त्याच्या कमाईवर.

आता दुसऱ्या खिडकीवर चला. इन्कम टॅक्सच्या. 2025-26 पासून नव्या पद्धतीत पगारदाराच्या 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर टॅक्स शून्य. घरटी नव्हे, माणशी! साहेबाचे 12, मॅडमचे 12, घरात 24 लाख, आणि दोघांनाही टॅक्स नाही. त्यांच्या पगारांची बेरीज करा असं तिथला कारकून म्हणत नाही. तिथं नवरा वेगळा, बायको वेगळी, दोघं स्वतंत्र नागरिक. आमच्या दारात आले की मात्र लगेच एक चूल, एक कुटुंब, एक दाखला.

आणि 2019 चं ते ईडब्ल्यूएस. तिथं कुटुंबाची मर्यादा 8 लाख. दुर्बल घटकच ते. आमच्या जातींना त्यातून बाहेर ठेवलं आणि 2022 साली सुप्रीम कोर्टानं तीन विरुद्ध दोन असं ते कायमही केलं. ते आरक्षण आणि हे स्कॉलरशिप, हे कळतं मला. पण गरीब कोण हे मोजायची पट्टी दोन ठिकाणी दोन लांबीची कशी? महिन्याला 66 हजारवाला दुर्बल, आणि 21 हजारांत पाच तोंडं पोसणारा सधन?

अनुसूचित जातींची ही स्कॉलरशिप 1944 पासूनची आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे मेंबर होते. 2013 साली तिची मर्यादा दोनाची अडीच लाख केली आणि पुढं दहा वर्षं आकडा जागचा हलला नाही. तेलाचा डबा हलला, भाडं हललं, एसटीचं तिकीट हललं. आणि हिंदू कोड बिल अडवलं म्हणून 1951 साली ज्या माणसानं मंत्रिपद फेकलं, त्याचं सांगणं काय होतं? बाईच्या मिळकतीवर बाईचा हक्क. आज त्याच्याच नावाच्या योजनेच्या फॉर्मवर बाईचा पगार नवऱ्याच्या पगारात मिसळून मोजला जातो, आणि आपण 14 एप्रिलला त्याच खात्याच्या पायरीवर हार घालून फोटो काढून येतो.

पोरांनो, समाजकल्याणला पुढचं निवेदन घेऊन जाल तेव्हा 'मर्यादा वाढवा' एवढंच लिहू नका. ती वाढवून घ्याच आणि दरसाल महागाईला बांधून घ्या. पण सोबत हेही लिहा : आईची मजुरी बेरजेतून वगळा. आणि मर्यादा ओलांडली तर मदत एकदम तोडू नका, टप्प्यानं कमी करा. निवेदनाला दोन पगारपत्रकांच्या झेरॉक्स जोडा, एक साहेब-मॅडमच्या घरातलं आणि एक आपल्या. नावं खोडून जोडा, आकडे राहू द्या.