सरमेचा शाप

मराठीच्या प्राध्यापकाने कुत्रा पाळू नये असा काही शास्त्रात नियम नाही; पण असता, तर आमच्या घरचा बराच अनर्थ टळला असता. यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी चिरंजीवांच्या हट्टापुढे हार खाऊन आम्ही नागपूरहून कॉकर स्पॅनिएल जातीचे पाच आठवड्यांचे पिलू यवतमाळला आणले. लोंबते कान, ओले डोळे, रेशमासारखी लव! आईने नाव ठेवले मोती.

पुढच्या दोन महिन्यांत मोतीरावांनी माझा लेंगा, सौ.च्या साडीचा पदर आणि प्रथम वर्षाच्या सत्तावीस उत्तरपत्रिका चाखून पाहिल्या. मग पाळी आली आमच्या हातापायांची. चालू लागले की घोटा, बसले की बोटे. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणावा, यासाठी ही जात प्रसिद्ध आहे म्हणे. आमचे चिरंजीव पक्षी सोडून सर्व काही धरीत, आणि अलगद मुळीच नाही!

शेवटी मी मास्तरी उपाय केला. वर्तमानपत्राची सुरळी केली आणि दिसला दात की हाण फटका! मोती दिवाणाखाली दडू लागला. मला वाटले, विद्यार्थी सुधारला.

आठ दिवसांनी आई त्याला कुरवाळायला वाकली. वर आलेला हात पाहताच तो गुरगुरला आणि कडकडून चावला. रक्त आले. रेबीजची लस पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात. ते वय उलटले होते आणि आम्ही 'येत्या रविवारी' म्हणत बसलो होतो. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली आणि आईला घेऊन दवाखाना गाठला. पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, त्या आता दंडावर चार-पाचांवर आल्या आहेत. पण सत्तरीच्या माउलीला त्यांपैकी एकही माझ्यामुळे का लागावी?

त्या रात्री झोप येईना. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाची गोष्ट आहे. सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचे पिलू तिथे आले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला बडवले. सरमेने शाप दिला, की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. वर्षानुवर्षे ही कथा मी वर्गात सांगितली. न दिसणारे भय म्हणजे काय, ते त्या रात्री कळले. ते आधी मोतीच्या मनात शिरले होते, मग आमच्या घरात.

सकाळी सौ.ने मोतीला दारव्ह्याच्या शेतावर धाडण्याचा ठराव मांडला. दूधवाला भांडे भरता भरता म्हणाला, "सर, लेकराले दात येते तवा थेही चावतेच ना जी! त्याले मारून का होते?"

पशुवैद्यांनीही तेच सांगितले. पिलाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमाराला ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. शिवाय पिलू भावंडांत खेळताना जोराने चावले, की भावंड केकाटून खेळ सोडते. त्यातून किती चावावे हे ते शिकते. आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडलेल्या आमच्या मोतीची ही शाळा बुडाली होती.

मी ठरावाचा विषय काढला, तेव्हा आई म्हणाली, "मारलंस तू, चावला तो आणि टोचलं मला. आता घराबाहेर कुणाला घालवायचं, ते तूच ठरव!"

सुरळी रद्दीत गेली. मोतीला लस टोचली. आता दात लागताच घरातले सगळे हात काढून घेतात, पाठ फिरवतात आणि मिनिटभराने पुन्हा खेळतात. कुणी ओरडत नाही, कुणी पळत नाही; पळणारा घोटा हे तर त्याला आमंत्रणच! चावायला ओल्या फडक्याचा पीळ फ्रिजमध्ये गार करून देतो. फार चेकाळला, की झोपवतो. बहुतेक वेळा तो पेंगुळलेलाच असतो.

हे लिहिताना मोती पायाशी आहे. मी हात पुढे केला तर अजूनही क्षणभर अंग चोरतो, मग चाटतो. आईच्या हाताला मात्र मुळीच अंग चोरत नाही. खरा चावा तिने सोसला, पण फटका माझा होता, हे त्या मुक्या जिवाने नीट लक्षात ठेवले आहे.