मुलांना घेऊन चार दिवस : मिसळ, भाकरी, लेणी आणि भरीत

सहलीला जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो गाडीचा, दुसरा राहण्याचा. जेवणाचे काय, हा तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारीत नाही. तो घरातल्या बाईच्या वाट्याला आपसूक येतो. ती पहाटे तीनला उठते, पोळ्यांची चवड लाटते, बटाट्याची सुकी भाजी परतते, आणि बाकीची मंडळी ताजीतवानी होऊन गाडीत बसतात तेव्हा ती खिडकीला डोके टेकून झोपी जाते. तिची सहल घरी सुरू होते आणि घरीच संपते.

यंदा जानेवारीत आम्ही ठरवून टाकले की या वेळी डबा नाही. ज्या गावात जाऊ तिथले खायचे. सोबत फक्त शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, केळी आणि भरपूर पाणी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी मात्र आपला ॲल्युमिनिअमचा डबा काढला, त्यात सहा भाकरी, लसणाची चटणी आणि दोन कांदे ठेवले, आणि डबा मांडीवर घेऊन त्या गाडीत बसल्या. वय पंचाहत्तर. हॉटेलात जेवायचे नाही, हा त्यांचा नियम आमच्या लग्नाच्या आधीपासूनचा. आम्ही कधी त्याला हात लावला नव्हता.

कल्याणहून नाशिक, येवला, छत्रपती संभाजीनगर, तिथून देवगिरी आणि वेरूळ, मग अजिंठा, जळगाव आणि चाळीसगावमार्गे परत, असा आमचा रस्ता. समृद्धी महामार्ग आता मुंबईच्या वेशीपर्यंत आला आहे, 2025 साली त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. वेळ वाचवायचा असेल त्यांनी जरूर त्यावरून जावे. पण त्या रस्त्यावरून जाताना गाव लागत नाही, आणि गाव लागले नाही तर चवही लागत नाही. आम्ही जुना रस्ता धरला.

एक गोष्ट निघण्याआधी नीट पाहावी. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. लांबून आलेली कुटुंबे फाटकापाशी हिरमुसून परत फिरताना पुष्कळांनी पाहिली असतील. आम्ही गुरुवारी निघून रविवारी परतलो.

नाशिकला शिरण्याआधी महामार्गालगतच त्रिरश्मी लेणी आहेत. सुमारे दोनशे पायऱ्या आहेत, मुले त्या आपल्या आधी चढतात. एकूण 24 लेणी. तिसऱ्या लेण्यात राणी गौतमी बलश्रीचा ब्राह्मी शिलालेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे गुणवर्णन या आईने दगडात कोरून ठेवले आहे. मुलांना एवढेच सांगितले की इथला राजा आईच्या नावाने ओळखला जाई. धाकट्याने लगेच स्वतःला आईचे नाव जोडून हाक मारायला लावली, ती जळगावपर्यंत चालली.

चढउतार झाली की मिसळ गोड लागते. नाशिकची मिसळ मटकीची, सोबत पापड, दही, पाव आणि वेगळ्या वाडग्यात रस्सा. काळा रस्सा मसाल्याचा, लाल रस्सा तिखटाचा. मुलांसाठी मटकी, शेव आणि दही एवढेच कालवावे, रश्शाचे दोन थेंब वरून टाकावेत. पोरे तक्रार करीत नाहीत. शहराबाहेर मळ्यांमध्ये मिसळीची ठिकाणे झाली आहेत, तिथे झोके असतात, मोकळे अंगण असते. मुले खेळतात आणि मोठ्यांना चहा शांतपणे पिता येतो. सासूबाई गाडीतच बसल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मुलांना म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन."

येवल्याला आम्ही दोनच ठिकाणी थांबलो. एक, मुक्तिभूमी. 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावी, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. दुसरे, एका विणकराचे घर. पैठणीचा हातमाग चालताना मुलांनी पाहावाच. एका काठाला किती दिवस लागतात हे ऐकून थोरलीने दुकानातल्या किमतीबद्दल नंतर चकार शब्द काढला नाही. तिथून पुढे कागदाच्या पुड्यातला भत्ता खात खात वैजापूरमार्गे संध्याकाळपर्यंत संभाजीनगर गाठले.

या शहराची नावाजलेली चीज म्हणजे नान-खलिया. मटणाचा मसालेदार रस्सा आणि तंदुरी भट्टीतली मोठी, मऊ, पिवळसर नान. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराच्या रसोईतून हा पदार्थ इथे आला असे सांगतात. खरेखोटे इतिहासकार जाणोत, पण एक नान चौघांना पुरते एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो. मुलांना पाणचक्की दाखवावी. दूरच्या डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर पिठाची चक्की फिरवलेली आहे. वीज नसताना दळण कसे होई, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा इथे चटकन कळते.

मुक्काम मावशींकडे होता. रात्री त्यांनी ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि सुकटीची चटणी केली. सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेले पीठ. पाहुणे अचानक आले तर चार चमचे पाण्यात कालवून फोडणी दिली की आमटी तयार. मुलांनी सुकट पहिल्यांदाच इतक्या आवडीने खाल्ली. धाकट्याने विचारले, "हे हॉटेलात मिळतं का?"

नाही मिळत. प्रादेशिक पदार्थांच्या ज्या याद्या छापून येतात त्यांत मराठवाडा म्हटले की धपाटे असतात, हुरडा असतो, पुरणपोळी असते. वजडी नसते, रक्ती नसते, उन्हात वाळवून वर्षभर पुरवलेल्या चान्या नसतात. ज्यांनी हे शिजवले, त्यांच्या वस्त्याच त्या याद्या करणाऱ्यांना दिसल्या नाहीत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवरचे हे सगळे नोंदवून ठेवले, पुढे 2024 साली ते इंग्रजीतही गेले. आमच्या पिढीतल्या कित्येक बायका हे पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवायला संकोचतात आणि पनीरची भाजी करतात. मावशींना तो संकोच नाही. चान्या कशा वाळवायच्या, कोळशावर किती भाजायच्या, हे थोरलीने त्यांच्याकडून वहीत उतरून घेतले. प्रमाण मात्र मिळाले नाही. "अंदाजानं" एवढेच उत्तर सगळ्याला.

दुसऱ्या दिवशी देवगिरी. या किल्ल्याइतकी मुलांना रमवणारी जागा दुसरी नाही. चांदमिनार आहे, तोफा आहेत, खंदक आहे आणि वटवाघळांची अंधारी आहे. विजेरी जवळ ठेवा आणि लहानग्यांचा हात सोडू नका.

पण फाटकाबाहेर आम्ही थोडे थांबलो. 1934 साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसोबत सहलीला निघाले होते. होय, सहलीलाच. नाशिकहून निघून वेरूळची बौद्ध लेणी पाहायची असा बेत होता. अस्पृश्य प्रवाशांना वाटेत होणारा त्रास टाळावा म्हणून त्यांनी सहलीचा गाजावाजा मुद्दाम केला नव्हता. रस्त्याच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या प्रवेशद्वाराजवळच्या तळ्यावर हातपाय, तोंड धुतले. तळे बाटवले म्हणून एका वृद्धाने आरडाओरडा केला, जमाव जमला, प्रसंग हातघाईवर आला. शेवटी किल्ला पाहू दिला तो आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे.

मुले ऐकत होती. धाकट्याच्या हातात पाण्याची बाटली होती. सासूबाई आपणहून बोलू लागल्या. त्यांच्या गावच्या हॉटेलात एक कानतुटका कप बाहेर वळचणीला टांगलेला असे. तो आपण काढायचा, वरून ओतलेला चहा उकिडवे बसून प्यायचा, कप विसळून परत टांगायचा. पैसे तेवढेच. वडिलांबरोबर त्या दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. आठवीतल्या नातीने नागरिकशास्त्रातले सांगितले, की संविधानाच्या 15 व्या कलमात हॉटेले, दुकाने, विहिरी, तळी सगळी आली आहेत, कुणालाही अडवता येत नाही.

"कलम पन्नास साली आलं गं," त्या म्हणाल्या, "आमच्या गावच्या हाटेलात पोचायला लई वरसं लागली त्याला."

आमचे हे इतकी वर्षे या डब्यावरून कुरकुरत आले होते. ते काही न बोलता तिकिटे काढायला गेले.

वेरूळला 34 लेणी आहेत, त्यांतली पहिली बारा बौद्ध. मुलांसोबत सगळी पाहण्याचा हट्ट धरू नये. दहावे विश्वकर्मा लेणे, बारावे तीन मजली आणि सोळावे कैलास एवढी पुरे. दहाव्यात दगडाचे छत लाकडी फासळ्यांसारखे कोरले आहे. सुतारकामाची नक्कल दगडात कशाला केली असावी, यावर मुलांना तर्क करू द्यावेत, मजेदार उत्तरे येतात.

अजिंठ्याला तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी पोहोचलो. आपली गाडी फाट्यावर ठेवून बसने पुढे जावे लागते. बसची रांग वाढण्याआधी जाणे बरे. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर 30 लेणी. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी ती दिसली, ही गोष्ट मुलांना आवडते. आत उजेड मंद असतो, फ्लॅशला बंदी आहे. डोळे सरावेपर्यंत मुले कंटाळतात, म्हणून त्यांना काहीतरी शोधायला द्यावे. सतराव्या लेण्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची जातककथा आहे. हत्ती शोधता शोधता दोघांनी माकडे, हंस, स्वयंपाकाची भांडी, फळांच्या टोपल्या इतके काही शोधले की आम्हालाच घाई करावी लागली. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या शिल्पापुढे सासूबाई बराच वेळ बसून राहिल्या.

दुपारनंतर जळगाव. हिवाळ्यात या जिल्ह्यात यावे ते भरितासाठी. इथली भरिताची वांगी मोठी, फिकट हिरवी, बिया थोड्या आणि चव गोडसर. 2016 साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, केळ्यांनाही त्याच वर्षी. वांगी वाळलेल्या काटक्यांच्या जाळावर भाजतात, सोलतात, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी भांड्यात लाकडी दांड्याने ठेचतात आणि वर कांद्याची पात, शेंगदाणे घालून तेलाची फोडणी देतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धूर येत नाही, घरी करून पाहून आम्ही हे सांगत आहोत. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळले की कळण्याचे पीठ होते, भाकरी काळपट आणि खमंग निघते. पुरीसोबतही भरीत खातात. मुलांना पुरी द्यावी. शेवभाजी मात्र त्यांच्यापासून दूर ठेवावी, तिचा रस्सा आमच्याही डोळ्यांतून पाणी काढून गेला.

सासूबाईंच्या डब्यातल्या भाकरी आदल्या दिवशीच संपल्या होत्या. मावशींनी भरून देऊ केलेला डबा त्यांनी घेतला नव्हता, हे आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळले. त्या आमच्यासोबत आत आल्या. भिंतीकडची खुर्ची घेतली. दोन भाकरी खाल्ल्या, भरीत पुन्हा मागितले आणि मीठ कमी आहे असे पोऱ्याला बजावलेही. जेवण झाल्यावर आपले ताट उचलून त्या मोरीकडे निघाल्या. पोऱ्या धावत आला. "आजी, राहू द्या, ते आमचं काम." त्यांनी ताट लगेच सोडले नाही. दोघांनीही ते क्षणभर धरून ठेवले होते. मग त्यांनी दिले. गाडीत बसल्यावर सांगितले, भरीत चांगले होते पण भाकरी पातळ हवी होती.

रविवारचा परतीचा पल्ला मोठा, म्हणून लवकर निघालो. चाळीसगावला 1929 साली टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला आणि न सरावलेल्या माणसाला टांगा हाकावा लागून अपघात झाला. त्या गावाहून जाताना मुलांनी पुन्हा प्रश्न विचारले. या वेळी उत्तरे आजीने दिली. याच गावात केकी मूस या छायाचित्रकाराचे घर आहे, कलेची आवड असणाऱ्यांनी तिथे तासभर द्यावा. जवळच पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, गणिताचा धसका घेतलेल्या मुलांना तो दाखवावा.

राहिल्या दोन-चार गोष्टी. जानेवारीत पहाटे गारठा असतो, कानटोप्या घ्या. लेण्यांत घसरट नसलेली पादत्राणे हवीत. गाडी लागणाऱ्या मुलांना घाटाआधी खायला देऊ नका, सुंठ-गुळाची गोळी पुरते. पुण्याच्या मंडळींनी अहिल्यानगरमार्गे संभाजीनगर गाठून तिथून हाच रस्ता धरावा, नागपूरकरांनी जळगावपासून उलटा. वाटेत कुणाच्या घरी येसर, चान्या किंवा कळण्याचे नेमके प्रमाण मिळालेच, तर ते या सदराकडे जरूर लिहून पाठवा. मावशींचा "अंदाज" आमच्या हाताला अजून बसलेला नाही.